ट्रॅव्हलर कॅम्परच्या छतावर ५४० वॅटच्या दोन सोलर प्लेटा: छत सोसेल का?

यावलचा_भटक्या
राम राम मंडळी. ट्रॅव्हलर गाडीचा कॅम्पर, म्हणजे फिरतं घर, करतोय. पत्र्याचं छत, जमिनीपासून उंची २.७ मीटर. वर सपाट जागा ४.२ मीटर लांब, १.६ मीटर रुंद. मागच्या टोकाला व्हेंट फॅनसाठी साधारण ६० सेंमी लागतील. फॅब्रिकेटर म्हणतो, ५४० वॅटच्या दोन प्लेटा, खाली ४० च्या लोखंडी अँगलची फ्रेम, पत्र्यात सेल्फ स्क्रू, वरून सिलिकॉन, एका दिवसात काम. बॅटरी २४ व्होल्ट लिथियम फॉस्फेट, २८० अँपिअर-अवर. रात्रभर १ टनाचा एसी चालवायचा विचार आहे. मुक्काम तोरणमाळ, पाटणादेवी, डिसेंबरात सारंगखेड्याची यात्रा.
छत एवढं वजन पेलेल का? कन्नड घाटात गाडी डुलेल का? आणि सेल्फ स्क्रू चालतील का?

पत्राकाम_धुळे
भाऊ, आधी टेप लावा. ५४० ची प्लेट २२७८ × ११३४ मिमी असते. लांबीत दोन ठेवल्या तर साडेचार मीटरच्या वर जातात, तुमच्याकडे व्हेंट सोडून ३.६ आहेत. आडव्या टाकल्या तर दोन्ही बाजूंनी ३० सेंमीच्या वर बाहेर येतील. म्हणजे विषय इथेच संपला. तुमच्या छताला ४०० ते ४१० वॅटच्या, १७२२ × ११३४ मिमीच्या प्लेटा बसतात. दोन लांबीत ठेवल्यावर मधली फट धरून ३.४७ मीटर. एकीचं वजन २१-२२ किलो. ८०० वॅट मिळतील, त्यात समाधान माना.

आता वजन. दोन प्लेटा ४४ किलो, ॲल्युमिनियमच्या रेल आणि नट-बोल्ट धरून ६० च्या आत. छतावर एक माणूस गुडघ्यावर बसला तर याहून जास्त भार एका जागी येतो. छत वजनाने बसणार नाही. भीती आहे ती वाऱ्याने उपटण्याची. गाडी ताशी ८० ने चालली आहे, समोरून ४० चा वारा आहे, म्हणजे प्लेटेला १२० चा वारा लागतो. त्या वेगाला हवेचा दाब चौरस मीटरला साधारण ६६५ न्यूटन भरतो. प्लेटेचं क्षेत्र १.९५ चौ. मीटर. हवा खालून शिरली तर एका प्लेटेवर १३० किलोच्या आसपास उचल, दोन्ही मिळून २६५. त्यात सुरत-नागपूर हायवेला समोरून ट्रेलर सुसाटत गेला की धक्का वेगळाच. म्हणून प्रत्येक बोल्टाच्या जागेचा हिशेब तिप्पट धरायचा.

सेल्फ स्क्रू अजिबात नको. छताचा पत्रा जेमतेम मिलीमीटरभर जाड, त्यात स्क्रूचा एखादाच आटा धरतो. गाडी थरथरली की भोक लांबट होतं, आधी पाणी गळतं, मग गंज चढतो, मग स्क्रू हाताने निघतो. रिवनटही (पत्र्यात रिव्हेटसारखं दाबून बसवायचं नट) नुसत्या पत्र्यात लावू नका. एम-८ चा स्टेनलेस बोल्ट टनभर ओढ सहज घेतो, तुटतो तो पत्रा.

काम असं करा. आतलं अस्तर उतरवा आणि छताच्या आडव्या कमानी मोजा. ४० × ४० × ३ मिमीचे दोन ॲल्युमिनियम चौकोनी पाइप, प्रत्येकी ३.६ मीटर, गाडीच्या लांबीत टाका. प्रत्येक पाइप किमान चार कमानींवर बसला पाहिजे, म्हणजे आठ जागा. तिप्पट धरूनही जागेला १०० किलो येतात. लोखंडी अँगल नको, वजन दुप्पट-तिप्पट होतं आणि रंग उडाला की पहिल्याच पावसाळ्यात छतावर तांबडे ओघळ.

इथे बहुतेक जण चुकतात ते सांगतो. कमान टोपीच्या आकाराची पोकळ असते. वरून बोल्ट घालून खाली नट आवळला की कमान चेपते आणि वरचा पत्रा खाली ओढला जातो. भोकाभोवती बशीसारखा खड्डा पडतो, पावसाचं पाणी नेमकं तिथेच साचतं. मग सीलंट कितीही भरा, गळणारच. म्हणून वरच्या पत्र्यापासून कमानीच्या तळापर्यंतचं अंतर मोजून तेवढ्याच लांबीचा स्टीलचा बुश (नळीचा तुकडा) कापा आणि तो आत बसवून त्यातून बोल्ट काढा. खाली ५० × ८० मिमीची ३ मिमी जाड पट्टी, मग वॉशर, मग नायलॉक नट. भोक पाडल्यावर उघड्या कडेला झिंक प्रायमर दोन हात. वर पाइप आणि पत्रा यांमध्ये ईपीडीएम रबर आणि पॉलियुरेथेन सीलंट. आंबट वासाचं सिलिकॉन वापरू नका, ते कच्च्या लोखंडाला गंज आणतं आणि त्यावर पुन्हा रंग धरत नाही.

मे महिन्यात काम करणार असाल तर सकाळी नऊच्या आत उरका. दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही आणि तापल्या पत्र्यावर सीलंटला बुडबुडे येतात. शिवाय हे सीलंट हवेतल्या ओलाव्यावर पिकतं, आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याला वेळ लागतो. आठवडाभर गाडी हायवेला काढू नका.

भुसावळ_डीसी
पत्राकामवाल्या आप्पांनी बसवायचं नीट सांगितलं. मी वायरिंगचं सांगतो, कारण आग तिथेच लागते.

४०० च्या या प्लेटेचा उघडा (काही न जोडता) व्होल्टेज साधारण ३७ आणि चालता (लोडवर) ३१ असतो. दोन्ही सिरीजमध्येच, म्हणजे एकीमागे एक, जोडा, व्होल्टेजची बेरीज होते. दुकानदार सावलीचं कारण सांगून पॅरलल करायला सांगेल, तिथे फसू नका. जळगाव-भुसावळला मे महिन्यात प्लेट ७० अंशांपर्यंत तापते. दर अंशाला व्होल्टेज ०.३५ टक्क्याच्या आसपास पडतो, म्हणजे ३१ चे २६ होतात. तुमची आठ सेलची बॅटरी भरायला २८ च्या वर लागतात. भर दुपारी, कडक उन्हात, चार्जिंग शून्य! मग लोक कंट्रोलर (प्लेटेवरून बॅटरी चार्ज करणारा डबा) खराब म्हणून परत करायला जातात.

सिरीजमध्ये उघडा व्होल्टेज ७४. थंडीत तोरणमाळला पहाटे ५ अंश धरले तरी ७८ च्या पुढे जात नाही. १०० व्होल्ट, ५० अँपिअरचा एमपीपीटी (जादा व्होल्टेजचं करंटमध्ये रूपांतर करणारा कंट्रोलर) पुरेसा आहे, करंट ३० च्या आसपासच येईल. फक्त ‘एमपीपीटी’ असं स्टिकर लावलेला स्वस्तातला पीडब्ल्यूएम, म्हणजे तसं न करणारा साधा कंट्रोलर, घेऊ नका. झाकणाच्या आत मोठी कॉइल दिसली नाही तर तो एमपीपीटी नाही.

प्लेटेपासून कंट्रोलरपर्यंत ६ चौ. मिमीची सोलर डीसी वायर. घरातली साधी वायर उन्हात दोन वर्षांत तडकते. एमसी-४ (सोलर वायरींचे प्लग) च्या जोड्या एकाच कंपनीच्या घ्या. नर एकाचा, मादी दुसऱ्याची असली की जोड बसल्यासारखा दिसतो, पण आत सैल राहून तापतो. क्रिंपिंग पकड खरी हवी, साध्या पक्कडीने दाबलेला जोड धरू नका. वायर छतातून आत घेताना ग्लँड लावा आणि त्याआधी वायरीला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल.

एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) डीसीचीच. एसीचा, म्हणजे घरच्या विजेचा, करंट सेकंदाला शंभर वेळा शून्याला येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसीचा येत नाही. एसीची एमसीबी डीसीवर ट्रिप झाली तरी आत आर्क (सलग ठिणगी) जळत राहतो. डीसी एमसीबीवर अधिक-उणेच्या खुणा असतील तर उलटी लावू नका, तीही तशीच जळते.

बॅटरीजवळ, २० सेंमीच्या आत, क्लास-टी फ्यूज १२५ अँपिअरचा. २ किलोवॅट इन्व्हर्टर २४ व्होल्टवर ९० च्या वर अँपिअर ओढतो, त्याला ३५ चौ. मिमी तांब्याची केबल. जोडताना आधी बॅटरी, मग प्लेटा. काढताना उलट. ऊन असताना चालू लोडवर एमसी-४ ओढायचा नाही.

काटा_जिनिंग
घाटाचं कोणी बोललं नाही, म्हणून. समजा तयार गाडी ३००० किलो आणि तिचा गुरुत्वमध्य ०.९ मीटरवर. ६० किलो २.७५ मीटरवर टाकले तर मध्य साडेतीन सेंमी वर सरकतो. वळणावर थोडं कळेल, डुलणार नाही. पण ‘बॅटरी खाली ठेवली की बरोबरी होते’ हे अर्धवट खरं आहे. ४५ किलोची बॅटरी मध्यापासून फार तर ४० सेंमी खाली असते, तिने अर्धा सेंमी परत मिळतो. फरक पडतो तो वरच्या सामानात. सोलर लावल्यावर छतावर स्टेपनी, सिलिंडर, ताडपत्र्या टाकणं बंद.

पाणी भरून, माणसं बसवून गाडी तोलायच्या काट्यावर जा. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या काट्यावर रांग असते, इतर वेळी पाच मिनिटांत काम होतं. पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा चढवा. एकूण वजन बसत असूनही मागचा ॲक्सल ओव्हरलोड निघू शकतो, कारण बॅटरी, टाकी, किचन सगळं मागेच जातं.

कागदाचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: आरसीवरचा तपशील बदलेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. काम सुरू करायच्या आधी एमएच-१९ च्या (जळगाव) आरटीओ ऑफिसात नकाशा आणि वजन घेऊन जा, नंतर नव्हे. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

चिकटपट्टी
एवढी भोकं कशाला पाडता भो? प्लास्टिकचे कोपरे आणि पॉलियुरेथेनची चिकटवण बस. परदेशात सगळे तसंच करतात.

पत्राकाम_धुळे
दादा, फायबरच्या छतावर १०० वॅटची प्लेट असेल तर चालेल. इथे नाही. चिकटवण पत्र्याला धरत नाही, रंगाला धरते. रंग खाली पुट्टीला धरलेला, पुट्टी पत्र्याला. जुन्या गाडीवर दोनदा रंगकाम झालेलं असतं आणि सगळ्यात कच्चा थर निघतो. चिकटवायचंच तर रंग पत्र्यापर्यंत खरवडून, प्रायमर लावून, आणि तरीही बोल्टाच्या जोडीला. बोल्टाऐवजी नाही.

यावलचा_भटक्या
खूप मोठी मदत झाली. ४०० च्याच दोन घेतो. दोन गोष्टी राहिल्या: प्लेट आणि छत यात फट किती ठेवू? आणि एसी?

पत्राकाम_धुळे
४० चा पाइप आणि खालचं रबर मिळून फट आपोआप चार-साडेचार सेंमी होते, तेवढी हवी. चिकटून बसवली तर प्लेट आणखी तापते. पुढच्या टोकाला मात्र २ मिमी ॲल्युमिनियमची तिरकी पट्टी लावा, खाली रबराची कड, म्हणजे समोरची हवा वरून जाईल. बाजू आणि मागचं टोक उघडं ठेवा.

प्लेट पाइपला बांधताना चौकटीच्या खाली कंपनीने दिलेली भोकंच वापरा, लांबीच्या पाव आणि पाऊण अंतराजवळची. चौकटीत नवीन भोक पाडलं की वॉरंटी गेली, आणि ड्रिल आत घुसलं तर काचही. पाइप भोकांच्या रेषेत येत नसेल तर ५ मिमी ॲल्युमिनियमच्या अँगलचे तुकडे कापून घ्या. स्टेनलेस नट आवळायच्या आधी आट्यांना अँटिसीझ ग्रीस लावा, नाहीतर नट अर्ध्यात जाम होऊन बोल्ट कापावा लागतो. टॉर्क १५ न्यूटन-मीटरच्या आसपास, मग नट आणि बोल्टावरून मार्करने एक सरळ रेघ.

उचलून तिरपं करायचं स्टँड लावायचा मोह होईल. आपण २१ अंश अक्षांशावर आहोत. मेच्या शेवटी आणि जुलैच्या मध्यावर सूर्य दुपारी डोक्यावरच असतो, सपाट प्लेट उत्तम. डिसेंबरात दुपारचा सूर्य ४५-४६ अंशांवर राहतो, तेव्हा सपाट प्लेटेला तीस टक्क्यांच्या आसपास तोटा. सारंगखेड्याला चार दिवस बसणार असाल तरच तिरपी करण्यात अर्थ आहे. आणि वळवाच्या वादळात, जे रावेर-यावलच्या केळीच्या बागा आडव्या पाडतं, तिरपी प्लेट म्हणजे शीडच. आभाळ भरलं की आधी प्लेट खाली, मग गाडीचं तोंड वाऱ्याकडे.

भुसावळ_डीसी
एसीचा हिशेब सरळ आहे. ८०० वॅटच्या प्लेटा एप्रिल-मेत दिवसाला सव्वातीन युनिट देतील, डिसेंबरात अडीचच्या आत. बॅटरीत ७.१ युनिट, त्यातले ६ वापरा. १ टनाचा इन्व्हर्टर एसी रात्री सरासरी ५००-७०० वॅट घेईल, आठ तासांचे ४ ते साडेपाच युनिट, वर इन्व्हर्टरचा दहा टक्के तोटा. म्हणजे एका रात्रीत बॅटरी रिकामी आणि उन्हाने भरायला जवळपास दोन दिवस. रात्रभर हवा असेल तर घरचं २३० व्होल्ट चार्जर किंवा इंजिनावरून डीसी-डीसी चार्जर लागेलच.

माझं मत विचाराल तर कोरड्या एप्रिल-मेत छोटा कूलर घ्या, १०० ते १५० वॅट, समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवून. पाऊस पडला की तो कामाचा नाही, पण तेव्हा पंखा भागवतो. छताला कमानींमध्ये २५ मिमी नायट्राइल फोम भरा, पण आधी बोल्ट पक्के करून, एकदा पाण्याचा पाइप मारून गळती तपासून मगच. फोम लावल्यावर गळती शोधायची म्हणजे सगळं परत उतरवायचं. बॅटरी ड्रायव्हरच्या मागे सावलीत ठेवा. पेटीत ४५ अंशांच्या वर तापमान गेलं की चार्जिंग करंट कमी करा.

काटा_जिनिंग
आणि नवी उंची मोजून डॅशबोर्डवर चिकटवा. २.८ च्या आसपास भरेल. पेट्रोल पंपाचं छप्पर अडत नाही, गावातल्या गल्लीतल्या लोंबत्या वायरी आणि चिंचेच्या फांद्या अडतात. पहिल्या १०० किलोमीटरनंतर आणि प्रत्येक घाट उतरल्यावर शिडी लावून मार्करच्या रेघा बघा. रेघ सरकली असेल तर नुसता आवळू नका. नट काढा आणि खालची पट्टी वाकली आहे का ते पाहा. प्लेटा धुवायच्या त्या पहाटे, तापल्या काचेवर गार पाणी नको.