हिवाळ्यात वीज उलटी वाहते

भूतानची वीज घेऊन आपण त्यांच्यावर उपकार करतो, हे काही जणांचं मत मला अजिबात पटत नाही. भूतानमधला चुखाचा ३३६ मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज देऊन आपण उभारला हे खरं. पण डिसेंबर २००३ मध्ये त्या चिमुकल्या देशाने स्वतःचं सैन्य उतरवून, भारताविरुद्ध लढणाऱ्या उल्फा, बोडो आणि कामतापुरी बंडखोरांचे आपल्या भूमीवरचे तळ उखडले, ते कसं विसरायचं?

शिवाय हिवाळ्यात वीज उलटी वाहते. जानेवारीत थिंफूत मी वांगछू नदी पाहिली, पात्रातले गोटे उघडे पडले होते. पाणी आटलं की भूतान आपल्याकडूनच वीज विकत घेतो. गरज दोघांनाही आहे.