बी विंग ग्रुप, शनिवार रात्र

बी-३०२: नमस्कार. एवढ्या रात्री त्रास देतेय, माफ करा. लेकीच्या कॉम्प्युटरला लॅमिंग्टन रोडवरून नवीन ग्राफिक्स कार्ड आणून बसवलं. परवापासून स्क्रीन मध्येच काळी पडते. सोमवारी तिचं सबमिशन आहे. दुकानदार म्हणतो, फॉरमॅटच करावं लागेल.

बी-१०१ सेक्रेटरी: ताई, हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. उद्या सकाळी टाकी सफाई, ७ च्या आत पाणी भरून ठेवा.

बी-३०२: साहेब, गणपतीचा बॅनर तिने याच कॉम्प्युटरवर रात्र जागून केला होता. तेव्हा ते सोसायटीचंच काम होतं ना?

बी-२०४: ताईंचं बरोबर आहे.

बी-६०१: फॉरमॅट करू नका हो! आधी कुठलं कार्ड होतं?

बी-३०२: एएमडी. आता एनव्हिडिया.

बी-६०१: मग जुन्या कार्डाचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे प्रोग्रॅम, आत राहिले असतील. साधं अनइन्स्टॉल केलं तरी फायली आणि रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीतल्या, नोंदी मागे राहतात. डीडीयू, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, हा फुकट प्रोग्रॅम आहे. सेफ मोडमध्ये चालवायचा, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरतं चालू करून.

बी-४०३ काका: सेफ मोडच्या आधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची, रिकव्हरी की लिहून घ्या.

बी-५०१: सहाव्या मजल्याला कॉम्प्युटरसाठी वेळ आहे. आमच्या बाथरूमच्या गळतीला नाही.

बी-६०१: प्लंबर उद्या येतोय, काल जिन्यात सांगितलं तुम्हाला. ताई, नवा ड्रायव्हर एनव्हिडियाच्या साइटवरून आत्ताच उतरवून ठेवा, डीडीयूही उतरवा. मग वायफाय बंद करा, लॅनची वायर असेल तर तीही काढा. नेट चालू राहिलं तर विंडोज अपडेट मधेच स्वतःचा ड्रायव्हर टाकतं आणि केलेली मेहनत वाया जाते.

बी-४०३ काका: की घेतली का?

बी-२०४: काका, की म्हणजे गच्चीच्या किल्लीसारखी? ती कोणाकडे आहे तेही कळत नाही 😄

बी-१०१ सेक्रेटरी: किल्ली वॉचमनकडे आहे. वहीत सही करून मिळते. मे महिन्यातच सांगितलं होतं.

बी-२०४: पापड वाळवायला मागितली तेव्हा मिळाली नव्हती, एवढंच म्हणणं आहे.

बी-४०३ काका: गंमत नाही ही. ४८ आकडी असते. माझ्या मशीनने मागितली तेव्हा माझ्याकडे नव्हती. नातवाचे बारशाचे फोटो गेले. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन केलं की दिसते. कागदावर लिहा.

बी-३०२: सापडली काका, मोबाइलवरून. लिहून घेतली.

बी-६०१: आता शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा. ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, परत रीस्टार्ट, मग ४ दाबा. डीडीयूत आधी एएमडी निवडून क्लीन करा, मग एनव्हिडिया. नंतर आयकॉन मोठे, अक्षरं फाटलेली दिसतील. घाबरू नका, तेव्हा विंडोजचा साधा ड्रायव्हर चालू असतो. मग उतरवलेला ड्रायव्हर टाका, आणि नेट सगळ्यात शेवटी.

बी-२०४: ऑफिसच्या लॅपटॉपवर मीही करू का? फारच स्लो झालाय.

बी-६०१: नको. तो तुमच्या आयटीवाल्यांकडेच द्या. आणि चालू मशीनला उगाच हात लावू नका, हा उपाय बिघडल्यावरचा.

बी-१०१ सेक्रेटरी: ७ च्या आत पाणी. लक्षात ठेवा.

बी-३०२: झालं! पाऊण तास झाला, एकदाही काळी पडली नाही. काका, मधेच निळा स्क्रीन येऊन खरंच ४८ आकडे मागितले. तुम्ही मागे लागला नसता तर तिथेच अडकलो असतो.

बी-४०३ काका: छान. तो कागद टाकू नका. लेकीला झोपायला सांगा आता.

बी-५०१: प्लंबर किती वाजता?

बी-६०१: ११ वाजता. टाकी झाल्यावर.