न्हाणीत येणारा काळा, दोरीसारखा जीव: गांडूळ की साप?

देवगडवाली: पाऊस सुरू झाला की मोरीच्या भोकातून वीतभर, काळा चकचकीत जीव वर येतो. तोंड कुठलं, शेपूट कुठलं कळत नाही. उचलला तर बोटाला टोचलं. सासूबाई म्हणतात, वाळा आहे, कानात शिरतो, मीठ घाल. नागाचं पिल्लू नाही ना?

चिरेखाण: वहिनी, मीठ नको! वाळाच आहे, म्हणजे बिनविषारी साप. टोचलं ते शेपटीचं बारीक टोक, दात नव्हे. भिंगातून बघा: गांडुळाला वळ्या असतात, याला खवले, आणि जीभ लपलपते. डोळे म्हणजे खवल्याखालचे दोन ठिपके, उजेड-अंधार कळण्यापुरते. खाणं मुंग्या-वाळवीची अंडी नि अळ्या. कानाचं सोडून द्या, त्याला वारूळ हवं असतं.

पोफळीवाला: यात नर सापडतच नाहीत. माद्या नराविना अंडी घालतात, गुणसूत्रांचे संच तीन. म्हणून नर्सरीच्या कुंडीतल्या मातीतून एकच मादी गेली तरी नवी वस्ती होते. असाच जगभर पसरला. 1803 मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ दोदँ यांनी नोंदवला, पुढे शास्त्रीय नाव बदलत गेलं: टायफ्लॉप्स, रॅम्फोटायफ्लॉप्स आणि 2014 पासून इंडोटायफ्लॉप्स ब्रॅमिनस. दर पिढीत नवं बारसं! आपल्याकडे चोचीसारख्या तोंडाचा चंचू वाळाही आहे, तो बराच मोठा, दोन फुटांपर्यंत.

देवगडवाली: चोच नव्हती. सुपलीत घेऊन माडाच्या आळ्यात सोडला. सासूबाईंनी तरी मोरीला जाळी बसवायला सांगितलीच आहे.

चिरेखाण: जाळी बारीक घ्या, मोठ्या भोकातून सहज येतो.