राऊटरच्या ‘शिंगां’ना मराठीत काय म्हणायचं?

पावसाच्या तोंडावर वीज कडाडली आणि आमचा राऊटर गेला. नवीन आणला, पण जुना टाकवेना म्हणून स्क्रू काढून उघडून बसलो. आमची आई (आम्ही देवगडचे) अँटेनांना सरळ शिंगं म्हणते, ‘धूळ बसली हा, तेची शिंगा पुस रे’. पुस्तकातला ‘आकाशक’ माहितीये पण बोलताना कोण वापरतं तो? आणि आत हिरव्या बोर्डावर पत्र्याच्या चपट्या डब्या आहेत, केबलच्या पोर्टांमागे काळे ठोकळे, त्यांना काय म्हणता तुम्ही लोक?

ठोकळे म्हणजे बारके ट्रान्सफॉर्मर. केबलमधला सिग्नल चुंबकाच्या जोरावर पलीकडे जातो, तांब्याला तांबं थेट जोडलेलं नसतं, त्यामुळे छोटा झटका अडतो, पण वीज जवळच पडली तर काही खरं नाही. डबीखाली वायफायची चिप, बाहेरची खरखर आत नको आणि आतली बाहेर नको म्हणून वर पत्रा. आमच्या दुकानात आम्ही ‘टोपण’च म्हणतो. पोर्टातल्या पिना बघा जरा, खाऱ्या हवेने हिरवा कळंक चढतो समईला चढतो तसा.

शिंग पण सोलून बघ रे दादा! मी एकदा सोललं तर वीतभर नळी आणि आत एक बारीक वायर, तिच्या टोकाला जेमतेम ३ सेंटिमीटरचा तुकडा कामाचा, बाकी सगळा थाट. कारण वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण १२.५ सेंटिमीटरची असते आणि अँटेनाला तिचा पाव भाग पुरतो. ५ गिगाहर्ट्झला तर दीडच.

आईंचा शब्द हसण्यावारी नेऊ नका. अँटेना हा मूळ लॅटिन शब्द, अर्थ शिडाचं आडवं लाकूड, म्हणजे आपल्या खलाशांचं परबाण. आता गंमत बघा, ॲरिस्टॉटलने किड्यांच्या मिशांना ग्रीकमध्ये शिंगंच म्हटलं होतं, आणि ग्रीकमध्ये परबाणाच्या टोकांनाही तोच शब्द. १५व्या शतकात थिओडोर गाझा या ग्रीक विद्वानाने त्याचं लॅटिन भाषांतर करताना परबाणवाला शब्द उचलला, तो किड्यांना चिकटला आणि पुढे रेडिओवाल्यांकडे आला. तेव्हा अँटेनाला शिंग म्हणणं म्हणजे शब्द माहेरी आणणंच झालं की.

काका, व्युत्पत्ती झकास, पण शिंग म्हटलं की टोक मारायचं असं डोक्यात बसतं ना. आमच्याकडे सगळे शिंगाचं टोक खोलीकडे रोखून ठेवतात आणि टोकाच्या दिशेलाच सिग्नल सगळ्यात कमी! तो दांडीच्या भोवती पसरतो, डोक्यावरच्या चुंबळीसारखा. माळ्यावर रेंज हवी तर एखादी दांडी आडवी पाडायची. मग परबाणच बरं नाही का, निदान आडवं तरी आहे.

आडवी करून बघितली, माळ्यावर व्हिडिओ चालला! पडवीत मात्र अजून बोंब, मध्ये चिऱ्याची जाड भिंत आहे आणि ती पावसात ओल धरते, तिच्यात ५ गिगाहर्ट्झवाला जास्त अडतो, म्हणून तिथे तो बंद करून २.४ वर चालवतोय. आईला परबाण सांगितलं तर म्हणाली, ‘परबाण होडयेर, घरात शिंगाच.’