स्पार्क प्लग बदलल्यापासून गाडी सुरू होत नाही, मदत हवी आहे

माझी 2006 सालची चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे. तिला डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज वाटणारा भाग) नाही. ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणाऱ्या एकाच कॉइल पॅकमधून चार प्लग वायरी निघतात. रविवारी मी चारही स्पार्क प्लग घरीच बदलले, मात्र वायरींवर खुणा न करता त्या एकदम उपसल्या, ही चूक मला मान्य आहे. तेव्हापासून स्टार्टर इंजिन नेहमीच्या वेगाने फिरवतो, पण ते पेट घेत नाही; अधूनमधून एअर फिल्टरच्या बाजूने ‘फट्’ असा आवाज तेवढा येतो.

बॅटरी 12.5 व्होल्ट दाखवते, किल्ली फिरवताच टाकीतल्या पंपाची घरघर ऐकू येते आणि फ्यूज शाबूत आहेत. पंपाचा फ्यूज काढून, एक प्लग इंजिनच्या धातूला टेकवून पाहिला, तेव्हा ठिणगी निळी व स्पष्ट होती. चारही प्लग पेट्रोलने ओले निघाले, म्हणून ते वाळवून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पुन्हा प्रयत्न केला. उपयोग झाला नाही.

फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम 1-3-4-2 असल्याने 1 व 4 आणि 2 व 3 यांची ठिणगी जोडीने पडते, हे मला ठाऊक आहे, पण कॉइलवरचे आकडे झिजले आहेत. गाडी सोसायटीच्या तळघरात आहे, तिथे टोइंगची गाडी शिरत नाही, आणि माझ्याकडे मल्टिमीटरखेरीज दुसरे उपकरण नाही. मीटरने कॉइलच्या दोन जोड्या ओळखता आल्या. त्यांतली 1-4 ची कोणती, हे कसे ठरवावे? की दोन्ही जोड्यांची अदलाबदल करून सरळ स्टार्टर मारून पाहिला, तर धुरातले प्रदूषण कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला धोका संभवतो?