मतपेटीतनं आलेला माणूस हुकूमशहा कसा काय होईल? (मेव्हण्याशी झालेला वाद)

शिरोली_फौंड्रीवाला

नमस्कार मंडळी. विषय जरा आपल्या गल्लीबाहेरचा हाय पण डोक्यात किडा वळवळायलाय म्हणून टाकतोय. माझा मेव्हणा टेक्सासला असतो, आता तिकडचाच नागरिक झालाय आणि ट्रम्पचा कट्टर. परवा व्हिडिओ कॉलवर अशी जुंपली की बायकोनं फोन काढून घेतला.

त्याचं म्हणणं असं की २०२४ ला ज्याला साडेसात कोटीच्या वर मतं पडली, ५३८ पैकी ३१२ इलेक्टोरल मतं मिळाली, त्याला हुकूमशहा म्हणणं म्हणजे मत देणाऱ्यांनाच येड्यात काढणं. हुकूमशहा रणगाड्यातनं येतो, मतपेटीतनं न्हाई. मी म्हटलं अरे मग २०२० ची निवडणूक ट्रम्प हरल्यावर २०२१ च्या ६ जानेवारीला तिकडच्या संसदेच्या काचा फोडून आत घुसली ती ट्रम्पची माणसं कोण होती, तर म्हणतोय मोर्चा होता, पोरं जरा तापली, तुमच्यात काय कमी दगड पडत्यात व्हय. इथं माझी बोलती बंद झाली, खरं सांगतो.

आता माझा प्रश्न. लोकांच्या मनातलं बोलणारा, "ही सगळी व्यवस्था सडल्याली हाय, मी एकटाच ती सरळ करणार" म्हणणारा उमेदवार, तो खरंच लोकशाहीच्या मुळावर येतो का ही नुसती हरलेल्यांची रडारड असते? आपल्याकडं पण प्रत्येक इलेक्शनला दोन्ही बाजू "लोकशाही धोक्यात" म्हणून ओरडत असत्यात, ऐकून ऐकून कान बधिर झाल्यात. मग खरा धोका कुठला आणि खोटा कुठला हे ओळखायचं कसं? आपल्या इथल्या पक्षांची धुणी इथं नकोत, त्याला दुसरे धागे भरपूर हायत.

पेठेतला_गडी

मेव्हण्याचं बरोबर हाय भावा. लोकशाही म्हणजे लोक म्हणतील ते, एवढं साधं हाय. ज्यांची दुकानं बंद होत्यात ते हुकूमशाही हुकूमशाही करत बसत्यात.

आणि मला एक सांगा, आधी तरी कुठली लोकशाही होती? आमच्या तालुक्यात आजा, बाप, नातू. कारखाना त्यांचा, बँक त्यांची, दूध त्यांचं, कॉलेज त्यांचं, ॲडमिशनला चिठ्ठी पण त्यांचीच. असल्या ठिकाणी एखादा रांगडा गडी उभा राहून म्हणाला की मी ह्यांना सरळ करतो तर लोक त्याला डोक्यावर घेणारच की! त्या बुकेलेचं बघा, तिकडं मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोरचा राष्ट्राध्यक्ष. २०१५ ला त्या एवढ्याशा देशात साडेसहा हजारावर खून झालते, गल्लोगल्ली टोळ्यांची खंडणी. २०२४ ला सरकारी आकडा ११४. लोकांनी ८० टक्क्याच्या वर मतं देऊन परत निवडून दिला. आता त्या आईला जाऊन सांगा की बाई तुझं पोरगं जिवंत घरी येतंय खरं पण लोकशाही जरा कमी झालीय. चपलेनं मारील.

कोर्टातली_ताई

पेठेतले दादा, बुकेलेचा अर्धाच हिशोब मांडलात. २०२० च्या फेब्रुवारीत तो बंदूकधारी सैनिक घेऊन विधानसभेत शिरला आणि सभापतीच्या खुर्चीत जाऊन बसला, का तर कर्जाला मंजुरी देत नव्हते म्हणून. २०२१ च्या १ मे ला नवीन विधानसभा बसली आणि त्याच दिवशी घटनापीठाचे पाचही न्यायाधीश आणि ॲटर्नी जनरल घरी पाठवले. नवीन न्यायाधीश आले, त्यांनी चार महिन्यांत निकाल दिला की लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहायला हरकत नाही, जे घटनेत सरळ सरळ मना होतं. मार्च २०२२ पासून आणीबाणी, ती दर महिन्याला वाढवतात, आत टाकलेले ८० हजारांच्या वर. आणि जुलै २०२५ मध्ये कितीही वेळा निवडून या म्हणून घटनाच बदलली. खून कमी झाले हे खरंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्या आईचं पोरगं उद्या चुकून उचललं तर ती कुठल्या कोर्टात जाणार? ज्यांनी उचललं त्यांच्याच.

आता मूळ प्रश्न. मेव्हण्याला मोर्च्यावरून वाद घालू नका, तिथं तो दगड आणि काचा मोजत बसेल. त्याला २ जानेवारी २०२१ चा फोन विचारा. जॉर्जिया राज्यात ट्रम्प ११,७७९ मतांनी हरला होता. त्यानं तिथल्या निवडणूक बघणाऱ्या मंत्र्याला, ब्रॅड रॅफन्सपर्गरला, फोन लावला आणि तासभर त्याच्या मागे लागला की मला फक्त ११,७८० मतं शोधायची आहेत. म्हणजे हरलो त्याच्यापेक्षा एक जास्त, आकडा बघा ना! हे रेकॉर्डिंग सगळ्या जगानं ऐकलंय. आणि हा रॅफन्सपर्गर काही विरोधी पक्षाचा नव्हता, ट्रम्पच्याच पक्षाचा आणि स्वतः ट्रम्पला मत दिलेला. तो सारखं एकच सांगत राहिला की तुमच्याकडची माहिती चुकीची आहे. पेन्स ट्रम्पचाच उपाध्यक्ष, पण ६ जानेवारीला संसदेत राज्यांकडून आलेली मतं बाद करायला त्यानंही नकार दिला. निकालाविरुद्ध साठाच्या वर केसेस टाकल्या, जवळजवळ सगळ्या उडाल्या, त्यातले काही न्यायाधीश ट्रम्पनंच नेमलेले.

तेव्हा माझी कसोटी साधी आहे. किती मतांनी आला हे बघायचंच नाही. हरल्यावर खुर्ची सोडतो का बघायचं, आणि त्याला अडवायचा ज्यांना अधिकार आहे त्यांच्याशी कसा वागतो ते बघायचं. भाषणात शिव्या सगळेच देतात, त्यानं कोणी हुकूमशहा होत नाही.

ऊस_गेला_का

ताई, एवढ्या लांब कशाला जायचं, आमच्याकडं दरवर्षी ट्रेलर असतो. वार्षिक सर्वसाधारण सभा बघितलीय का कुणी? नाव घेत न्हाई कुठल्या संस्थेची, सगळीकडं थोड्याफार फरकानं तेच.

मांडवात पहिल्या सगळ्या रांगा सकाळी सातालाच भरल्याल्या, कामगार आणि संचालकांच्या गाड्यांतनं आणलेली पोरं, गळ्यात एकाच रंगाचे टॉवेल. अहवालाचं पुस्तक आमच्या हातात पडतं ते सभेच्या आधी दोन दिवस, त्यात ताळेबंद असल्या बारीक टायपात की भिंग घेऊन बसावं लागतंय. चेअरमन उठतो, विषय क्रमांक एक वाचतो, वाचून व्हायच्या आत पुढनं "मंजूर मंजूर". दोन, मंजूर. तीन, मंजूर. मागनं आम्ही "नामंजूर" म्हणून घसा फोडतोय, माईक मागतोय, माईक फिरवणारा आमच्याकडं बघून न बघितल्यागत करतोय आणि तोवर राष्ट्रगीत सुरू. राष्ट्रगीताला काय करणार, उभं राहायलाच लागतंय. संपली सभा. दुसऱ्या दिवशी पेपरात "खेळीमेळीच्या वातावरणात".

आता गंमत ऐका. तो चेअरमन काय चोरून आल्याला न्हाई. निवडून आलाय, पॅनेल टू पॅनेल, आणि पहिल्यांदा आला तेव्हा "ह्या घराण्याची मक्तेदारी मोडतो" म्हणूनच आलता, आम्हीच गुलाल उधळला. पेठेतल्या भावाचा राग मला शंभर टक्के पटतो. पण मक्तेदारी मोडायला आल्याला माणूस माईकवाला बदलत न्हाई, तोच ठेवतो फक्त पगार आपल्याकडनं देतो. मला कळल्यालं राजकारण एवढंच.

नाद_खुळा_००७

राष्ट्रगीत 😂😂 अगदी अगदी. आमच्यात तर चहा-वडापावची गाडी बरोबर विषय क्रमांक चारला येते, सगळा विरोध तिकडंच पळतोय.

निवृत्त_मास्तर

चर्चा वाचली. मी इतिहास शिकवायचो, त्यामुळं थोडं लांबण लागेल, सहन करा.

मतपेटीतून हुकूमशाही येत नाही हे त्या टेक्सासच्या पाहुण्यांना वाटतं त्याचं आश्चर्य नाही, पण आपल्याकडच्या माणसाला वाटू नये. १९७१ ला "गरिबी हटाओ"वर इंदिराबाईंना लोकसभेत साडेतीनशेच्या वर जागा मिळाल्या. एवढं लोकांचं प्रेम क्वचितच कुणाला मिळालं असेल. १२ जून १९७५ ला अलाहाबाद हायकोर्टात न्या. सिन्हांनी त्यांची निवडणूक रद्द केली आणि २५ जूनच्या रात्री आणीबाणी. सगळं कागदोपत्री, घटनेतल्याच कलमाखाली, रणगाडा एकही नाही. ३९वी घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या बाहेर काढली, ४२वीनं लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षं केली. १९७६ ला सुप्रीम कोर्टात प्रश्न आला की विनाचौकशी आत टाकलेल्या माणसाला कोर्टात दाद मागता येते का, पाचपैकी चार न्यायमूर्ती म्हणाले नाही. एकटे ह. रा. खन्ना वेगळं बोलले आणि त्यांचं सरन्यायाधीशपद गेलं.

आणि सामान्य माणूस? तो म्हणायचा गाड्या वेळेवर यायला लागल्या, ऑफिसात साहेब दहाला हजर असतो. आमच्या घरात हेच बोलणं चालायचं, वडील स्वतः म्हणायचे. पेठेतल्या चिरंजीवांचं एल साल्वाडोर त्याहून वेगळं नाही.

आपल्या कोल्हापूरपासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर कराडला डिसेंबर १९७५ मध्ये साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री, मांडवात सरकार बसलेलं. दुर्गाबाईंनी तिथं तुरुंगात आजारी पडलेल्या जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितली. पुढं बाईंना अटक झाली. ऊसवाल्यांनी सांगितलेल्या मांडवात आणि त्या मांडवात फरक एवढाच की तिथं माईक एका बाईच्या हातात होता आणि तिनं तो वापरला.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत हेच बजावलं होतं, की धर्मात भक्ती आत्म्याला मोक्षाकडं नेत असेल, राजकारणात मात्र ती अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते. माणसाबद्दल कृतज्ञ राहावं, पण आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नये.

पेठेतला_गडी

मास्तर, मान हाय तुम्हाला. पण १९७७ ला त्याच लोकांनी त्याच मतपेटीतनं बाईंना घरी बसवलं की, रायबरेलीत स्वतःची सीट गेली. म्हणजे मतपेटी चालली. मग एवढं भ्यायचं काय?

आणि ताईंना एक प्रश्न. हरल्यावर काय करतो ते बघायचं म्हणता, मग पहिल्यांदाच उभा राहणाऱ्याचं काय? तो अजून हरलेलाच न्हाई. चार-पाच वर्षं वाट बघत बसायचं व्हय?

कोर्टातली_ताई

दादा, प्रश्न आवडला. आधीच बोलून दाखवतात हो, आपण विनोद समजून सोडून देतो. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये, मतदानाच्या आधी, टीव्हीवरच्या शेवटच्या डिबेटमध्ये ट्रम्पला सरळ विचारलं की निकाल मान्य करणार का. म्हणाला, तेव्हा सांगीन, उत्सुकता राहू दे. दुसऱ्या दिवशी सभेत म्हणाला मी निकाल पूर्ण मान्य करणार, जर मी जिंकलो तर. लोक खदाखदा हसले. चार वर्षांनी त्यानं तेच केलं, शब्दाला जागला म्हणायचं! तेव्हा नवीन उमेदवाराचं भाषण ऐकताना हे ऐकायचं: मला मत न देणारा पण ह्याच देशाचा असं तो धरून चालतो का, का "खरे लोक" फक्त त्याच्याच सभेला आलेले. निकाल विरोधात गेला की न्यायाधीश विकला गेला म्हणतो का. मारामारी करणाऱ्या आपल्या पोरांना आवरतो का पाठीवर थाप मारतो. २० जानेवारी २०२५ ला, शपथ घेतली त्याच दिवशी, ६ जानेवारीवाल्या सुमारे दीड हजार लोकांना माफी दिली, त्यात पोलिसांना मारहाण केलेलेही होते. मेव्हण्याला सांगा, मोर्चा म्हणतोस ना, मग कोर्टात ते सिद्ध करायचं होतं.

आणि ७७ चं म्हणाल तर मतपेटी चालली कारण बाईंनी निवडणूक घेतली आणि हरल्यावर गेल्या. ते श्रेय त्यांना मी देते, माझ्या घरात सगळे चिडतात तरी देते. पण दरवेळी समोरचा जाईलच ह्या भरवशावर देश चालवायचा का? अमेरिकेत २०२१ ला ट्रम्प स्वतः जात नव्हता, त्याला ऐकणारी माणसं संपली म्हणून गेला. दुसऱ्या खेपेला त्यानं मंत्रिमंडळ निवडताना काय बघितलं असेल हे सांगायला ज्योतिषी नको.

माझं मत विचाराल तर, तो हुकूमशहा झालाय का ह्यावर भांडण्यात अर्थ नाही, त्याला व्हायचं असलं तर अडवणारं कोण शिल्लक आहे हा प्रश्न आहे.

शिरोली_फौंड्रीवाला

ताई, तो फोन मेव्हण्याला पाठवला, इंग्लिशमधलं रेकॉर्डिंगच पाठवलं. निळ्या टिका आल्यात, उत्तर न्हाई. बायको म्हणतेय दिवाळीला येणार हायत ते, तोवर विषय काढायचा न्हाई.

ऊस_गेला_का

पेठेतल्या भावा, तुझं बाकी सगळं सोड, सभासद हायस का कुठल्या संस्थेचा? आमच्या सभेला प्रश्न आधी लेखी द्यायला लागत्यात आणि पोच घ्यायची असते, पोच न्हाई तर प्रश्न आलाच न्हाई म्हणत्यात. गेल्या वेळी आम्ही तिघंच होतो सह्या करणारे. यंदा येतोस का मागच्या रांगेत?

पेठेतला_गडी

वडलांच्या नावावर शेअर हाय. माझ्या नावावर करून घ्यायला अर्ज दिलाय कधीचा, तो पण मंजूर होईना.

नाद_खुळा_००७

कसा होईल, विषय क्रमांक चारच्या पुढं सभा जातीया कुठं 😂