एसीच्या लाईनवर टाका मारायची गॅसची टॉर्च चालवताना घसा धरतो, धोका आहे काय?

खानापूरकर:
बेळगावात एसी-फ्रिजच्या दुकानात काम शिकालोय. परवा शहापूरच्या एका तळघरात जुना आर-२२चा (थंड करणाऱ्या गॅसचा एक प्रकार) एसी उघडला. लाईनमधला गॅस पुरता निघाला नव्हता, तोवर उस्तादांनी टॉर्च लावली. उग्र वास आला, घसा धरला, डोळ्यांतून पाणी. ते म्हणतात, या गॅसला वास नसतो, काय होत नाही. खरं काय ते सांगा की हो.

निपाणीचा जुना मेकॅनिक:
बाळा, उस्ताद म्हणतात ते न जळालेल्या गॅसपुरतं. आर-२२ ज्योतीवर फुटला की हायड्रोक्लोरिक आणि हायड्रोफ्लुरिक आम्लाची वाफ होते, थोडा फॉस्जिन हा विषारी वायूही होतो. तुझा घसा त्यानं धरला. असा वास आला की टॉर्च बंद आणि सगळे वर, मग कामाचं काय ते बघू. ही वाफ फुप्फुसावर उशिरानं परिणाम करते. संध्याकाळी बरं वाटून रात्री दम लागला तर सकाळची वाट बघू नको, दवाखाना गाठ आणि 'एसीचा गॅस जळालेला धूर ओढला' असं डॉक्टरांना स्पष्ट सांग.

तळघरात आणखी एक भीती. हा गॅस हवेच्या तिप्पट जड, खाली साचतो आणि हवा हटवतो. चक्कर आल्याचं कळेपर्यंत पायातलं बळ गेलेलं असतं. म्हणून दार उघडं ठेवायचं आणि वर एक माणूस उभा पाहिजेच.

टाका मारण्याआधी गॅस रिकव्हरी मशीननं टाकीत ओढून घ्यायचा. लिकेज बघायला रेग्युलेटर लावून नायट्रोजन भरायचा, ऑक्सिजन कधीच नाही. कॉम्प्रेसरच्या तेलाशी दाबाखालचा ऑक्सिजन भिडला की स्फोट होतो. या गोष्टीवर मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

दुकानदार, बेळगाव:
रिकव्हरी मशीन छोट्या दुकानाला परवडत नाही हो. उन्हाळ्यात एका घरातून दुसऱ्या घरात पळायचं असतंय.

निपाणीचा जुना मेकॅनिक:
दादा, दोन-तीन दुकानांनी मिळून एक घ्या. आता नुसत्या आर-२२चं राहिलं नाही. नव्या एसीतला आर-३२ पेट घेऊ शकतो. डीप फ्रीजरच्या पाटीवर आर-२९० असेल तर तो प्रोपेन, घरच्या फ्रिजमधला आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन. दोन्ही स्वयंपाकाच्या गॅसचे भाऊबंदच. पाटी वाचल्याशिवाय पोरांच्या हातात टॉर्च देऊ नका.

बर्फ कारखाना, चिकोडी:
आमच्याकडं अमोनिया. नाक आधीच सांगतं, पण ३०० पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग झाले की, जिवाशी खेळ. गळती झाली की वारा जिकडून येतो तिकडं जायचं. डोळ्यांत गेला तर लगेच निदान १५ मिनिटं साध्या पाण्यानं धुवायचे. नाकावरचा ओला फडका बाहेर पळण्यापुरता, व्हॉल्व्ह बंद करायला आत जाण्यासाठी नव्हे.

खानापूरकर:
काका, थंडीत टाकीतनं गॅस लवकर येत नाही म्हणून टाकीला टॉर्च दाखवतात. ते चालतंय काय?

निपाणीचा जुना मेकॅनिक:
अजिबात नाही. टाकी कोमट पाण्याच्या बादलीत ठेव, ५० अंशांवर जाऊ देऊ नको. रिकव्हरीची टाकीही ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरायची नाही, गरमीनं द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते. हातमोजे आणि चष्मा घाल. आर-२२ उणे ४१ अंशांना उकळतो, हातावर उडाला तर कातडी गोठते. तसं झालं तर चोळू नको, हात कोमट पाण्यात धर आणि डॉक्टरला दाखव.